जुन्या मोटरसायकलच्या ब्रेकचे आटे गेले तर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ब्रेकची केबल थोडी ताणून घ्यावी म्हणून ॲडजस्टर फिरवायला जावं आणि तो घट्ट होण्याऐवजी बोटांखाली एकदम मऊ पडावा. आणखी अर्धा फेरा दिला की तो अलगद हातात यावा आणि त्याच्या अंगाला ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसावी. ती तार म्हणजे ब्रेक प्लेटमधले (ड्रमचं तोंड झाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तबकडीतले) आटे. जुनी गाडी वापरणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. मग कोणी टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील भरून काम उरकतो, तर कोणी चांगली ओतीव प्लेट भंगारात देऊन मोकळा होतो. पहिला उपाय जिवावर बेतू शकतो. दुसऱ्यात अशी वस्तू जाते जी जुन्या बाजारात महिनोन् महिने शोधूनही मिळत नाही. नीट दुरुस्ती घरच्या टेबलावर एका दुपारी होते. घाई मात्र चालत नाही.

हा लेख मुख्यतः ड्रम ब्रेकबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या बुलेट, जावा-येझदी, राजदूत, आरएक्स १०० या गाड्यांना ड्रमच आहेत. डिस्कबद्दल शेवटी थोडं सांगतो.

कुठल्या आट्यांना हात लावायचा, कुठल्या नाही

ब्रेकवरचे सगळे आटे सारख्या जबाबदारीचे नसतात. केबलचा ॲडजस्टर प्लेटच्या ज्या कानात (बाहेर आलेल्या उंचवट्यात) बसतो ते आटे, आणि ब्रेक कॅमवरच्या, म्हणजे ड्रमच्या आतल्या अर्धगोल शूंना फाकवणाऱ्या दांड्यावरच्या, लिव्हरला आवळणाऱ्या बोल्टचे आटे, हे नवख्या माणसाने काळजीपूर्वक दुरुस्त करायला हरकत नाही.

मागच्या ब्रेकच्या रॉडचे आटे झिजले असतील तर दुरुस्तीचा विचारही करू नका. रॉड आणि त्याच्या टोकाचा नट दोन्ही नवीन घ्या किंवा लेथवर बनवून घ्या. झिजलेल्या रॉडवर नवा नट चढवला की हाताला पकड लागल्यासारखी वाटते, पण पायाने जोरात ब्रेक मारला की तोच नट रॉडवरून सरकतो.

टॉर्क आर्मच्या बोल्टचे आटे हे सगळ्यात गंभीर प्रकरण. ब्रेक लागला की शू ड्रमला धरतात आणि ड्रम ब्रेक प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतो. टॉर्क आर्म म्हणजे तिला थोपवून धरणारी पट्टी. ती सुटली तर प्लेट गरकन फिरते, केबल किंवा रॉड ओढला जातो आणि चाक जाम होऊ शकतं. तिथले आटे गेले असतील आणि आजूबाजूला केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती प्लेट वापरायची नाही. चीर नसेल तर काम लेथवरच्या अनुभवी टर्नरकडून, भक्कम बुश (आतून आटे असलेली जाड नळी) बसवून करून घ्यायचं.

आटे गेले कशाने, हे आधी शोधा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि वर्षभरात तेच आटे पुन्हा जातात. मला नेहमी तीन कारणं सापडतात.

पहिलं कारण म्हणजे चुकीचा बोल्ट. जुन्या बुलेटचं घराणं इंग्लंडमधल्या रेडिचचं. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि गाडीबरोबर इंची आटेही इकडे आले. जावा, येझदी आणि जपानी घराण्याच्या गाड्या मात्र मेट्रिक. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात बोल्ट मिळतो तो बहुतेक वेळा मेट्रिकच. आता आकडे बघा. पाव इंची बीएसएफ (बारीक ब्रिटिश आट्यांच्या) बोल्टला इंचात २६ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.९७७ मिलिमीटर. एम६ चा पिच १ मिलिमीटर. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून एम६ पाव इंची भोकात सुखाने आत जातो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि एम६ म्हणजे ६. बोल्ट आट्यांच्या फक्त टोकांना धरून राहतो. आवळला की टोकं सोलून बाहेर येतात. उलट पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, जवळजवळ एम८ च. पण बीएसएफला तिथे इंचात २२ आटे आहेत, म्हणजे पिच १.१५५, आणि साध्या एम८ चा १.२५. तो दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. अडला की कोणीतरी लांब दांड्याचा पाना लावतो आणि तिथेच भोकाचा निकाल लागतो.

दुसरं कारण ॲडजस्टर फार बाहेर आलेला असणं. शू झिजत जातात, केबल ताणते, आणि आपण दर महिन्याला ॲडजस्टर थोडा थोडा बाहेर काढत राहतो. शेवटी कानात तीनच आटे उरतात. लिव्हर दाबताना हाताच्या जोराच्या कितीतरी पट ताण केबलवर येतो आणि तो सगळा त्या तीन आट्यांवर. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट लांबीचे आटे गुंतलेले असावेत, म्हणजे ८ मिलिमीटरच्या ॲडजस्टरला १२ मिलिमीटर. तेवढे उरत नसतील तर चूक आट्यांची नाही, शू बदलायची वेळ टळून गेली आहे.

तिसरं कारण म्हणजे गंज. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं ओला राहिला की दोन्हींच्या मध्ये पांढरी भुकटी धरते. कोकणात, समुद्राजवळ राहिलेल्या गाडीवर हे फार दिसतं. ती भुकटी बोल्टला चिकटवून ठेवते आणि बोल्ट निघताना आटे घेऊनच निघतो.

मोजमाप

जाडी मोजायला एक व्हर्नियर आणि पिच ओळखायला एक पिच गेज (दातेरी पात्यांचा जुडगा) लागतो. दोन्ही मिळून खर्च फार नाही आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात. पिच गेज मेट्रिक आणि इंची असा दोन्ही पात्यांचा घ्या. मेट्रिकचा कोन ६० अंशांचा, ब्रिटिश व्हिटवर्थ आणि बीएसएफचा ५५ अंशांचा. पातं बोल्टच्या आट्यांवर ठेवून बल्बकडे धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर ते पातं नाही. पूर्ण काळोख दिसेपर्यंत पाती बदलत राहा.

मोजायचा तो त्या जागचा मूळ बोल्ट. तो हरवला असेल तर भोकाच्या तळाशी, जिथे बोल्ट कधी पोचलाच नव्हता, तिथे दोन-चार चांगले आटे बहुतेक वेळा शिल्लक असतात. ओळखीचे बोल्ट तिथे हलक्या हाताने लावून बघा. गाडीच्या कंपनीवरून अंदाज बांधू नका. चाळीस-पन्नास वर्षांत त्या गाडीवर किती जणांचे हात फिरले असतील ते आपल्याला माहीत नसतं, आणि एकाच प्लेटवर एक भोक इंची आणि शेजारचं मेट्रिक मी पाहिलेलं आहे.

खरंच सगळे आटे गेले आहेत का?

पुष्कळदा फक्त तोंडाचे दोन आटे चेपलेले असतात. तिथे टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, कारण धारदार टॅप चांगल्या आट्यांचंही थोडं अंग खातो. त्याऐवजी त्याच मापाचा चांगला पोलादी बोल्ट घ्या, व्हाइसमध्ये धरा आणि हॅकसॉने त्याला लांबीच्या बाजूने दोन-तीन खाचा पाडा. कानशीने कडा साफ करा. हा बोल्ट थेंबभर तेल लावून हाताने भोकात फिरवा. चेपलेले आटे सरळ होतात, घाण खाचांमध्ये गोळा होते आणि धातू कापला जात नाही.

दुसरी शक्यता, मूळ बोल्ट आखूड होता आणि भोकात खाली न वापरलेले आटे आहेत. मग योग्य लांबीचा बोल्ट लावला की काम झालं. फक्त तो पलीकडे निघून ड्रममध्ये कशाला घासत नाही ना, ते बघा.

भोक मोठं करून पुढच्या मापाचा बोल्ट घालणं, म्हणजे एम६ च्या जागी एम८, हे मी ब्रेकवर करत नाही. भोकाभोवतीचं अंग पातळ होतं आणि पुढच्या माणसाला मूळ माप कधीच कळत नाही. आर्गॉन वेल्डिंगने भोक भरून नव्याने आटे पाडता येतात, पण जुन्या ओतीव ॲल्युमिनियमला उष्णतेने बाक येतो आणि प्लेट ड्रममध्ये घासायला लागते. तुटलेल्या कानासाठी ते ठीक. नुसत्या आट्यांसाठी हेलीकॉइलच बरी.

हेलीकॉइल म्हणजे काय

स्टेनलेस स्टीलच्या, शंकरपाळ्यासारख्या छेदाच्या तारेची घट्ट गुंडाळी. तिच्या बाहेरच्या अंगाचे आटे ॲल्युमिनियममध्ये बसतात आणि आतल्या अंगाला मूळ मापाचा बोल्ट जातो. भोक थोडंसंच मोठं करावं लागतं आणि नंतरचे आटे मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात.

किटमध्ये ड्रिल, खास टॅप, गुंडाळ्या, आत बसवायचं हत्यार आणि शेपूट तोडायचा पंच असतो. हा टॅप नेहमीचा एम८ टॅप नव्हे, तो बाहेरून मोठा असतो. म्हणून सुटी गुंडाळी आणून घरातला टॅप वापरायचा प्रयत्न करू नका. ज्या मापाची गरज आहे तेवढंच किट घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बीएसएफसकट बहुतेक मापं शोधली की मिळतात. दोन गुंडाळ्या जास्त घ्या, पहिली वाकडी जाऊ शकते.

काम

समजा पुढच्या ब्रेक प्लेटचा कान आहे आणि ॲडजस्टर एम८×१.२५ चा आहे. मी शेवटचं केलेलं काम हेच होतं.

चाक काढा, प्लेट बाहेर घ्या. प्लेट गाडीवर ठेवून हे काम करायचं नाही. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. कॅमवरचा लिव्हर काढण्याआधी कॅमच्या टोकावर आणि लिव्हरवर समोरासमोर पंचाची एक खूण करा. शू काढून बाजूला कागदात गुंडाळा, त्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये.

कानाची भिंत मोजा. एम८ च्या हेलीकॉइलचा टॅप बाहेरून साधारण ९.६ मिलिमीटर भरतो. त्यानंतर चहूबाजूंनी निदान ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम उरायला हवं. उरत नसेल तर इथेच थांबा आणि प्लेट टर्नरकडे न्या.

प्लेट व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावा. ड्रिलचं माप किटवर छापलेलं असतं, एम८×१.२५ ला ते ८.३ मिलिमीटरच्या आसपास येतं. आटे सोलून निघाल्यावर भोक जवळजवळ ८ चंच झालेलं असतं, तेव्हा आपण एका बाजूने दीड दशांश मिलिमीटर काढतो आहोत. त्यामुळे ड्रिल स्वतःच जुन्या भोकाच्या वाटेने जातं, पण ते भोक आधीच वाकडं झिजलं असेल तर तीही वाट तितक्याच इमानाने धरतं. शक्य असेल तर उभ्या ड्रिल मशिनवर करा. हातातलं ड्रिल असेल तर वेग कमी ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला उभं करा.

आता टॅप. ॲल्युमिनियमला रॉकेलइतकं चांगलं काही नाही, दोन थेंब भोकात आणि दोन टॅपवर. टॅप भोकात उभा ठेवा आणि छोटा गुण्या कानाच्या सपाट तोंडावर टेकवून दोन बाजूंनी बघा. पहिला फेरा दिल्यावर पुन्हा बघा, दुसऱ्यानंतर पुन्हा. टॅप वाकडा जात असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांतच सरळ करता येतो, नंतर नाही. माझी पहिली प्लेट मी गुण्या न लावता, नुसत्या नजरेने केली. आटे उत्तम पडले, पण ॲडजस्टर जरासा बाहेरच्या बाजूला झुकला आणि केबल आत जाताना त्याच्या कडेला घासू लागली. दोन महिन्यांत तिच्या तारा एकेक करून तुटायला लागल्या. ते वेळीच दिसलं म्हणून निभावलं.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना हाताला एक बारीक कट जाणवतो, तो चुरा तुटल्याचा. तो जाणवला नाही आणि टॅप रबरासारखा ताणल्यासारखा वाटला तर जोर लावू नका, टॅप बाहेर काढा, ब्रशने साफ करा, रॉकेल घाला आणि पुन्हा सुरू करा. अडकलेला टॅप जोराने फिरवला की तो तुटतो, आणि भोकात तुटलेला टॅप काढणं हे आटे जाण्यापेक्षा मोठं संकट आहे.

आटे पाडून झाले की भोक रॉकेलने धुवा, कापसाची काडी फिरवा, वाळू द्या. काडी काळी येत असेल तर पुन्हा धुवा.

गुंडाळी हत्यारावर चढवा. तिच्या खालच्या टोकाला आडवी शेपूट असते, ती हत्याराच्या खाचेत बसते. भोकाच्या तोंडाशी टेकवून सावकाश उजवीकडे फिरवा. खाली दाबायचं नाही, आटे स्वतःच तिला आत ओढून घेतात. दाबलं तर ती एक आटा सोडून पुढच्यात उडी मारते. वरचं टोक कानाच्या तोंडापासून पाव ते अर्धा फेरा खाली गेलं की थांबा. वर राहिलं तर ॲडजस्टरचा चेकनट (त्याला जागेवर आवळून ठेवणारा नट) त्यावर बसेल आणि गुंडाळी उचलून काढेल.

हत्यार सरळ वर काढा, उलटं फिरवू नका.

आता शेपूट तोडायची. हे केबलच्या भोकात टाळताच येत नाही, कारण केबलची आतली तार याच भोकातून जाते आणि राहिलेली शेपूट तिला करवतीसारखी कापेल. पंच शेपटीवर टेकवा, हातोडीचा एकच नेमका ठोका. खाली पांढरा कागद पसरून ठेवा. तुटलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो. लोहचुंबकाने शोधायला जाऊ नका, हे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. तुकडा डोळ्यांनी बघून हातात घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो ड्रममध्ये राहिला तर लायनरमध्ये रुतेल आणि प्रत्येक ब्रेकला ड्रमवर रेघ ओढेल.

नवा ॲडजस्टर, कारण जुन्याचे आटेही आता भरवशाचे नाहीत, हाताने फिरवून बघा. तळापर्यंत बोटांनी जायला हवा. त्याच्या आट्यांना अगदी थोडं तांब्याचं ग्रीस लावा, म्हणजे ती पांढरी भुकटी पुन्हा धरणार नाही. जास्तीचं लगेच पुसा.

लिव्हरच्या बोल्टची गोष्ट वेगळी. तिथे लिव्हरला चिरलेली फट असते आणि बोल्ट ती आवळून कॅमच्या दात्यांवर पकड बसवतो. आटे वारंवार जात असतील तर बहुधा कॅमचे किंवा लिव्हरचे दाते झिजले आहेत. लिव्हर हलतो म्हणून लोक बोल्ट आवळत सुटतात. फटीच्या दोन कडा एकमेकींना टेकल्या असतील तर बोल्ट कितीही आवळा, पकड येणारच नाही. अशा लिव्हरला हेलीकॉइल घालण्यात अर्थ नाही, लिव्हर बदला. आटे खरंच नुसते झिजले असतील आणि पलीकडे जागा असेल, तर आरपार बोल्ट घालून मागे सेल्फ-लॉकिंग नट लावणं सगळ्यात सोपं आणि भक्कम.

जोडणी

खुणा जुळवून लिव्हर बसवा. कॅमला ग्रीसचा फक्त हात फिरवा. चाक बसवून ॲक्सल आवळताना एक गोष्ट करा: ॲक्सलचा नट सैल असताना हँडलवरचा ब्रेक लिव्हर जोरात दाबून धरा आणि तसाच धरून नट आवळा. शू प्लेटला ड्रमच्या मध्यावर आणून ठेवतात. टॉर्क आर्मचा बोल्ट आवळला का, ते दोनदा बघा, त्याची कॉटर पिन असेल तर नवी घाला.

केबल ताणून शू ड्रमला लागतात त्या क्षणी कॅमचा लिव्हर आणि केबल यांच्यात साधारण काटकोन असावा. कोन त्याच्या पुढे गेला असेल तर हाताचा जोर वाया जातो. तसं दिसलं तर लायनरची जाडी बघा.

डिस्क असेल तर

बाहेरून आलेल्या जुन्या जपानी गाड्यांना, उदाहरणार्थ होंडा सीबी ७५० ला, १९६९ पासूनच पुढे हायड्रॉलिक डिस्क आहे. तिथे मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या पंपाच्या) झाकणाचे बारीक स्क्रू गेले तर ते वरच्याच पद्धतीने दुरुस्त होतात. फक्त त्याआधी सिलिंडर पूर्ण उघडून रिकामा करायचा, चुऱ्याचा कणही आत जाता कामा नये.

ब्लीड निपल (तेलातली हवा काढायची तोटी) आणि केबलऐवजी आलेल्या होजचा बॅन्जो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) या दोन जागा नवख्यांनी सोडाव्यात. निपलची गळती आटे अडवत नाहीत. खाली शंकूच्या आकाराची बैठक असते, निपलचं टोक तिच्यावर दाबून बसतं आणि तेल अडतं. ड्रिल अर्धा मिलिमीटर जास्त खाली गेलं की ती बैठक संपली आणि डिस्कला पकडणारा कॅलिपरही. बॅन्जोचं तेल तांब्याचे वॉशर अडवतात, त्यासाठी तोंड अगदी सपाट आणि भोकाला काटकोनात लागतं. बॅन्जोलाही एम१०×१.२५ आणि एम१०×१ असे दोन पिच सर्रास आढळतात आणि एकमेकांत दोन फेरे जातात. हे काम गुंडाळीने नाही, भक्कम बुशने, चांगल्या मशिन शॉपमध्ये करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीत असं काम करणारे हात आहेत. कॅलिपर, बोल्ट आणि निपल तिन्ही बरोबर न्या आणि बैठक कुठे आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवा.

तपासणी

गाडी स्टँडवर असताना ब्रेक लिव्हर पूर्ण जोराने वीस वेळा दाबा. त्याआधी ॲडजस्टर आणि कान यांच्यावरून मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली, म्हणजे ॲडजस्टर सरकला, तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. रेघ जागेवर असेल तर मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने, मग थोड्या जास्त वेगाने ब्रेक मारून बघा. पन्नास किलोमीटरनंतर चेकनट आणि लिव्हरचा बोल्ट पुन्हा पाना लावून तपासा. पहिल्या पावसानंतर एकदा ॲडजस्टर अर्धा फेरा मागेपुढे करून बघा, तो मोकळा फिरतो का.

आणि एक कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा: पुढचा ब्रेक, केबलचा कान, एम८×१.२५, हेलीकॉइल, बसवल्याची तारीख. तुमच्यानंतर ती गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला योग्य बोल्ट आणायला तो कागद पुरेल.